व्हेटो म्हणजे 'मी मना करतो'. पण हा 'मी' कोण?

काही वर्षांपूर्वी एका नगरपालिकेच्या सर्वसाधारण सभेत बातमीसाठी बसलो होतो. विषय बाजारातल्या गाळ्यांच्या भाडेवाढीचा. बहुमत आधीच ठरलेलं, चहासुद्धा येऊन गेलेला. तेवढ्यात मागच्या रांगेतले एक नगरसेवक उठले आणि म्हणाले, "या विषयाला माझा व्हेटो आहे!" सभागृह हसलं. मुख्याधिकाऱ्यांनी शांतपणे सांगितलं, साहेब, तुम्ही विरोध नोंदवू शकता, व्हेटो आपल्याकडे नसतो. विरोध एका ओळीत नोंदला गेला, भाडेवाढ मंजूर झाली.

मीही हसलो होतो. पण घरी येऊन शब्द शोधत बसलो आणि ओशाळलो. कारण व्हेटो मुळात असाच होता. एका माणसाने उठायचं आणि स्वतःच्या तोंडाने नाही म्हणायचं.

आपण पेपरात 'नकाराधिकार' लिहितो. ते नाम झालं. लॅटिनमध्ये हा शब्द क्रियापद आहे, तेही प्रथम पुरुषी एकवचनी. जुना उच्चार 'वेतो'. अर्थ, मी मना करतो. शेवटचा 'ओ' आहे ना, तोच 'मी'. आपण 'येतो हं' म्हणून उठतो तेव्हा 'मी' वेगळा लागत नाही, तसंच. 'वेतत' म्हटलं की तो मना करतो, 'वेतामुस' म्हटलं की आम्ही. म्हणजे नकार देणारा कोण, हे शब्दातच बांधलेलं. आता आपल्याकडची पाटी आठवा, 'आत येण्यास मनाई आहे. हुकुमावरून.' कुणाच्या हुकुमावरून? ते पाटीवर कधीच नसतं.

रोममध्ये हे क्रियापद रोजच्या वापरातलं होतं. बाप मुलाला मना करायचा, कायदा मना करायचा, शकुन बघणारे सांगायचे की पक्षी मना करतायत. जमिनीच्या किंवा घराच्या ताब्याचं भांडण प्रेटर या न्यायाधिकाऱ्याकडे गेलं की तो हुकूम द्यायचा: आज ताबा ज्याचा आहे त्याचाच राहील (मात्र त्याने तो समोरच्याकडून बळजबरीने, चोरून किंवा उसना घेतलेला नसावा), बळजबरी करायला मी मना करतो. तिथे हेच 'वेतो'. तहसीलच्या आवारात फिरणाऱ्यांना यात आपलं 'जैसे थे' लगेच ओळखू येईल.

पण या शब्दाला खरं वजन आलं ते कर्जबाजारी लोकांमुळे. परंपरेप्रमाणे इ.स.पू. ४९४ ची गोष्ट. कर्ज फिटलं नाही की माणूसच सावकाराच्या ताब्यात जायचा. युद्धावरही हेच लोक जायचे. शेवटी सामान्य लोक, म्हणजे प्लेबियन, शहर सोडून बाहेरच्या एका टेकडीवर जाऊन बसले. मोठा संपच म्हणा. तडजोड म्हणून त्यांना स्वतःचे प्रतिनिधी मिळाले, ट्रिब्यून. आधी मोजकेच, पुढे दहा. सैन्य नाही, खजिना नाही. लोकांनी फक्त शपथ घेतली, की ट्रिब्यूनच्या अंगाला जो हात लावेल त्याचा जीव घेतला तरी पाप नाही.

मग अधिकार चालायचा कसा? त्यासाठीचं दुसरं लॅटिन क्रियापद 'इंटरसेडो', शब्दशः मध्ये येतो. मराठीत चपखल शब्द आहे, आडवा येणे. सावकाराची माणसं कुणाला ओढून नेत असतील तर ट्रिब्यून खरोखर आडवा यायचा. त्यामुळे तो सापडायला हवा. त्याच्या घराचं दार रात्रंदिवस उघडं ठेवायचं, आणि शहराबाहेर मुक्काम करायचा नाही असा दंडक होता. शहराच्या हद्दीपासून मैलभर पुढे गेलं की त्याचा अधिकार संपला. सुरुवातीला तर त्यांना सिनेटमध्ये प्रवेशही नव्हता. दाराबाहेर बाकावर बसून ते ठराव तपासायचे असं जुने लेखक सांगतात. (पत्रकार कक्षाची आठवण झाली तर दोष माझा नाही.)

आता या शब्दाची दुसरी बाजू. नाही म्हणणारा एकच पुरेसा असेल, तर श्रीमंतांनाही एकच माणूस पुरतो.

इ.स.पू. १३३ मध्ये टायबेरियस ग्रॅकस या ट्रिब्यूनने कमाल जमीनधारणेचा कायदा आणला. सरकारी जमीन एकाकडे ५०० युगेरा, म्हणजे ढोबळ ३०० एकर, एवढीच, उरलेली भूमिहीनांना. विधेयक वाचायला सुरुवात झाली आणि मार्कस ऑक्टेव्हियसने कारकुनाला गप्प बसायला सांगितलं. ऑक्टेव्हियस कोण? ट्रिब्यूनच, टायबेरियसचा सहकारी आणि मित्र. त्याच्याकडेही अशी जमीन होती. प्लुटार्क लिहितो की तुझं नुकसान मी पदरचं भरून देतो, असंही टायबेरियस म्हणाला. ऑक्टेव्हियस हलला नाही. मग टायबेरियसने त्याला पदावरून काढण्यासाठीच मतदान घेतलं. ३५ पैकी १७ गटांची मतं विरोधात पडली. एक मत बाकी असताना टायबेरियसने मतदान थांबवलं, त्याला मिठी मारली, विनवण्या केल्या. ऑक्टेव्हियसच्या डोळ्यांत पाणी आलं. पण समोर उभ्या जमीनदारांकडे त्याची नजर गेली आणि तो म्हणाला, तुला हवं ते कर. अठरावं मत पडलं, त्याला ओढून खाली उतरवलं.

कायदा झाला. पण ट्रिब्यूनच्या अंगाला हात लावायचा नाही, ही एकच गोष्ट ट्रिब्यूनचं रक्षण करत होती, आणि ती टायबेरियसने स्वतः मोडली. त्याच वर्षी सिनेटर्सच्या जमावाने बाकांचे तुटके पाय घेऊन त्याला ठार केलं. त्याच्यासोबत ३०० च्या वर माणसं मेली, प्रेतं टायबर नदीत फेकली. त्याचा हेतू मला आजही बरोबर वाटतो, पण ऑक्टेव्हियसला उचलून बाजूला करणं नाही.

पुढचं पटकन सांगतो. इ.स.पू. ४९ मध्ये सीझरच्या बाजूच्या ट्रिब्यूनांचा व्हेटो सिनेटने धुडकावला, तेव्हा ट्रिब्यूनांच्या हक्कासाठी लढतोय असं सांगत सीझरने रुबिकॉन ओलांडली. काही महिन्यांत तो रोमच्या खजिन्याशी पोचला. दारात मेटेलस नावाचा ट्रिब्यून आडवा आला. सीझरने त्याला जिवे मारण्याची धमकी दिली आणि कुलपं फोडली. इ.स.पू. २३ मध्ये ऑगस्टसने ट्रिब्यूनचे अधिकार आजन्म स्वतःकडे घेतले, ट्रिब्यून न होताच. गरिबांच्या दारातला नकार राजवाड्यात गेला.

पोलंडमध्ये सरदारांच्या संसदेत कुणाही एका सदस्याला पूर्ण अधिवेशन उधळता यायचं. १६५२ मध्ये सिचिन्स्की नावाच्या सदस्याने ते केलं म्हणतात. पुढे शेजारची राज्यं असा एखादा सदस्य विकत घ्यायची. १७९१ मध्ये त्यांनी ही पद्धत रद्द केली, पण १७९५ पर्यंत देशच नकाशावरून गेला.

संयुक्त राष्ट्रांच्या सनदेत व्हेटो हा शब्द नाही. कलम २७ मध्ये स्थायी सदस्यांच्या 'सहमतीची मतं' एवढंच आहे. त्या पाच देशांनी व्हेटो वापरला की आपण संतापतो, आणि तो संताप योग्यच आहे. पण १८ डिसेंबर १९६१ विसरू नका. गोव्यात भारतीय सैन्य शिरलं होतं. युद्धबंदी आणि माघारीच्या ठरावाला सुरक्षा परिषदेत ११ पैकी ७ मतं पडली. सोव्हिएत संघाने व्हेटो वापरला, दुसऱ्या दिवशी गोवा मुक्त झाला. तेव्हा एकट्याचा नकार आपल्याला लोकशाहीविरोधी वाटला नव्हता.

आपल्या राज्यघटनेतही हा शब्द नाही. 'अनुमती रोखून ठेवणे' आहे. १९८६ चं टपाल दुरुस्ती विधेयक राष्ट्रपती झैलसिंग यांनी मंजूर केलं नाही, परतही पाठवलं नाही. लोकांची पत्रं उघडायचा अधिकार सरकारला देणारं ते विधेयक होतं, त्यामुळे आम्हा पत्रकारमंडळींना ते मौन गोड लागलं. याला पॉकेट व्हेटो म्हणतात. माझ्या मते हा शब्दच उलटा आहे, कारण खिशात ठेवलेला नकार कुणी बोललेलाच नसतो. मग तीच रीत काही राज्यपालांनी उचलली. विधेयकं पडून राहू लागली, राज्यं सर्वोच्च न्यायालयात गेली. २०२३ मध्ये पंजाबच्या प्रकरणात न्यायालयाला सांगावं लागलं, की राज्यपाल विधेयक बेमुदत दाबून ठेवू शकत नाहीत. पटत नसेल तर ते विधानसभेकडे परत पाठवायचं. किती दिवसांत, याबद्दल कलम २०० मध्ये शब्द आहेत, 'शक्य तितक्या लवकर'.