यशबची बासरी आणि मिरजेचा तंबोरा

चीनमध्ये जेड दगडाची बासरी करतात. आपल्या फारसी-उर्दूत या दगडाला यशब म्हणतात. मुघल खंजिरांच्या मुठी त्याच्या असत. आठव्या शतकातल्या ली बाई या कवीच्या कवितेतही अशी बासरी आहे. पण बासरीत वाजते ती आतली हवा. नळी दगडाची की बांबूची, याने नादात फारसा फरक पडत नाही. दिझी या चिनी बासरीचा थरथरता नाद तर एका भोकावर चिकटवलेल्या बोरूच्या पातळ पापुद्र्यातून येतो. दगडाचा मान मोठा, काम मात्र पापुद्र्याचं!

हे वाचताना मला मिरज आठवली. महाबळेश्वरला उगवलेली कृष्णा सांगलीवरून मिरजेपाशी येते, तिथल्या आपल्या शिकलगारांची ही गोष्ट.

शिकलगार म्हणजे हत्यारांना धार आणि झिलई देणारे. एकोणिसाव्या शतकात तलवारींचं काम आटलं, तेव्हा फरीदसाहेबांसारखे कारागीर तंतुवाद्यांकडे वळले. संस्थानिक पटवर्धनांकडे गवई येत, त्यांची वाद्यं दुरुस्तीला या हातांत आली, असं सांगतात. पुढे या घराण्यांचं आडनावच सतारमेकर झालं.

तंबोऱ्याचं साहित्य साधं: पंढरपूर भागातला कडू भोपळा, तुणीचं लाकूड. भोपळा वेलीवर जेवढा वाढेल तेवढाच. पुरुषी तंबोऱ्याला मोठा, बायकांच्या तंबोऱ्याला लहान. खरी कसोटी जवारीची. हाडाच्या घोडीचा माथा कानसेने अगदी किंचित उतरता घासायचा आणि तारेखाली सुती दोरा सरकवायचा. दोरा केसभर हलला तरी तंबोरा मुका होतो. पात्यावरचा उंचसखलपणा बोटाने ओळखणाऱ्या माणसांना हे जमलं, यात मला नवल वाटत नाही.

खाँसाहेब अब्दुल करीम खाँ (मृत्यू 1937) मिरजेतच, मीरासाहेब दर्ग्याच्या आवारात विसावले आहेत. त्यांचं नाव सगळे घेतात. त्यांच्यामागे झंकारणारा तंबोरा कोणी घडवला, हे आपल्या घरांतही क्वचितच कोणी विचारतं.

2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. आनंदच आहे, पण त्याने गावाचं नाव राखलं जातं. जवारी शिकायला पोरगं बसेलच असं नाही. वर्षानुवर्षांच्या रियाजाने तार घोडीवर खाच पाडते, मग तंबोरा पुन्हा मिरजेला येतो. मोबाईलमधल्या तंबोऱ्याला खाच पडत नाही, आणि कारागिराकडे तो कधी परत येत नाही.