पावाच्या भट्टीतून प्रोसेसरवर

मे महिन्यात नांदेडात पारा ४२ अंशांच्या पुढे सरकला की स्लॅबच्या घरातली हवा दुपारभर ३७-३८ अंशांवर तापून असते. अशा खोलीत प्रोसेसर ओव्हरक्लॉक करायचा, म्हणजे कंपनीने आखून दिलेल्या वेगापेक्षा जास्त पळवायचा, तर पहिली अडचण ही हवाच. पंखा कितीही भारी आणा, तो खोलीतलीच हवा फिरवणार. तिच्यापेक्षा प्रोसेसर थंड होणं शक्य नाही. परदेशात २२ अंशांच्या खोलीत मोजलेले आकडे वाचून लातुरात कुणी खरेदी केली, तर वरच्या १५-१६ अंशांचा भुर्दंड त्याच्याच माथी बसतो.

मुळात हा प्रश्नच नव्हता. १९८१च्या आयबीएम पीसीतला ८०८८ प्रोसेसर बोडकाच बसलेला असे, त्याला ना उष्णता सोडणारे पत्रे, ना पंखा. १९९३ साली आलेला पहिला पेंटियम ५ व्होल्टवर चाले आणि १५-१६ वॅटपर्यंत तापे. त्याच्या डोक्यावर ॲल्युमिनियमचे पत्रे आणि इवलासा पंखा ही मग नेहमीची गोष्ट झाली. १९९८च्या सेलेरॉन ३००ए या स्वस्त प्रोसेसरने तर पोरांना नादच लावला. मदरबोर्डच्या बसचा, म्हणजे माहितीच्या वाटेचा, वेग ६६वरून १०० मेगाहर्ट्झवर नेला की ३००चा हा गडी ४५०वर पळायचा. त्यापुढच्या तापट प्रोसेसरांना आवरण्यासाठी मिनिटाला ७००० फेरे घेणारे ६० मिलिमीटरचे पंखे आले. ते लावले की शेजारच्या खोलीतला माणूसही उठून बसे.

वेग वाढवला की उष्णता त्याच प्रमाणात वाढेल, असं वाटतं. पण वाढीव वेग टिकवायला व्होल्टेजही चढवावं लागतं आणि उष्णता व्होल्टेजच्या वर्गाने वाढते. ४ गिगाहर्ट्झचा प्रोसेसर ४.६वर नेला तर वेग वाढला १५ टक्के. त्यासाठी १.२० व्होल्टचे १.३५ केले, तर उष्णता जवळपास ४५ टक्क्यांनी वाढते. १०० वॅटचे १४५ होतात. खुद्द इंटेललाही हे गणित सुटलं नाही. पेंटियम ४ची वेगवान मॉडेलं ११५ वॅटवर पोहोचली आणि ४ गिगाहर्ट्झचं मॉडेल कंपनीने ऑक्टोबर २००४मध्ये रद्द करून टाकलं.

याच सुमारास टेबलावरच्या कॉम्प्युटरमध्ये प्रोसेसरची उष्णता वाहून नेणाऱ्या तांब्याच्या नळ्यांचा उंच मनोरा रुळू लागला. या नळीचं, म्हणजे हीट पाइपचं, कूळ मात्र कॉम्प्युटरवाल्यांचं नाही. तिचे पणजोबा लंडनच्या पावभट्ट्यांत सापडतात. अमेरिकेतून लंडनला गेलेल्या पर्किन्स घराण्याने १९व्या शतकात दोन्ही तोंडं बंद केलेल्या लोखंडी नळ्या वापरात आणल्या. आत थोडं पाणी, एक टोक विस्तवात, दुसरं पाव भाजायच्या कोठीत. पाण्याची वाफ होऊन वर जायची, उष्णता सोडून पुन्हा पाणी होऊन खाली ओघळायची. त्यात एक खोट होती. तापणारं टोक खालीच हवं, नाहीतर पाणी परतणार कसं?

ती खोट जनरल मोटर्सच्या रिचर्ड गॉगलर यांनी काढली. फ्रिजसाठी नळीच्या आतून वातीसारखा सच्छिद्र थर बसवायचा, म्हणजे पाणी वर चढूनही परत येतं, अशी ही कल्पना. १९४२मध्ये अर्ज, १९४४मध्ये पेटंट, आणि पुढे जवळपास वीस वर्षं कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. १९६३ साली लॉस अलामॉसच्या अणुप्रयोगशाळेत जॉर्ज ग्रोव्हर यांनी तीच गोष्ट स्वतंत्रपणे शोधली. त्यांच्या डोळ्यांसमोर अंतराळयानातली अणुभट्टी होती. तिथे खाली ओघळायला ‘खाली’च नसतं. १९६७मध्ये अशी नळी उपग्रहावरून अंतराळात पोहोचलीही. १९९०च्या दशकात ती लॅपटॉपमध्ये शिरली, कारण तिथे मोठ्या पंख्याला जागाच नव्हती, आणि मग टेबलावर.

आज प्रोसेसरवर बसते ती नळी बहुधा ६ मिलिमीटर जाडीची. आतल्या भिंतीवर तांब्याची भुकटी भाजून चिकटवलेली असते आणि पाणी चमचाभरही नसतं. हवा काढून घेतलेली असल्यामुळे हे पाणी ४०-५० अंशांवरच उकळतं. एक ग्रॅम पाणी एका अंशाने तापवायला एक कॅलरी लागते, पण त्याची वाफ व्हायला साडेपाचशेहून जास्त. नळीचा सगळा पराक्रम या एका आकड्यात आहे. आपला माठही याच आकड्यावर गार होतो. फरक इतकाच की माठातलं पाणी उडून जातं आणि नळीतलं पुन्हा कामावर येतं. एप्रिल २०१६मध्ये ज्या लातूरला मिरजेहून ‘जलदूत’ रेल्वेने पाणी आणावं लागलं, पहिल्या गाडीत ५ लाख लिटर, तिथे हा फरक समजावून सांगावा लागू नये.

पाणी थेट खेळवण्याची शाखाही याच घरातली. पुण्याच्या आयसर या विज्ञानसंस्थेतल्या ‘परम ब्रह्म’ या महासंगणकात पाणी प्रोसेसरलगत फिरवून उष्णता वाहून नेतात. घरगुती कॉम्प्युटरला एवढा थाट सहसा लागत नाही, हे माझं मत.

आवाजाचं काय? पंख्याचे फेरे निम्मे केले की आवाज साधारण १५ डेसिबलने उतरतो. म्हणून मनोऱ्यावर १४० मिलिमीटरचा संथ पंखा लावतात. त्या जुन्या किंचाळणाऱ्या पंख्याइतकी हवा तो ९००-एक फेऱ्यांत हलवतो. अर्थात खिडकीत पाण्याचा कूलर घरघरत असताना प्रोसेसरच्या पंख्याची शांतता ऐकायला येणार कुणाला? ती कामाची ठरते थंडीत, रात्री, बाजूला कुणी नीटचा अभ्यास करत बसलं असेल तेव्हा.

त्या कूलरची खोलीतली हवा गार करण्यापुरती मदत जरूर घ्या, पण त्याचा झोत कॅबिनेटवर धरू नका. बोअरच्या पाण्याच्या तुषारांनी पत्र्यांवर पांढरा क्षार धरतो, त्यावर काळ्या मातीची धूळ आणि कापसाचं तूस बसतं, आणि पत्र्यांच्या फटी बुजतात. पंखा उतरवून मनोरा उजेडात धरला तर पलीकडचं दिसत नाही. मऊ ब्रश आणि ब्लोअर एवढ्यावर हे काम होतं. प्रोसेसर आणि मनोऱ्याच्या मधली सुकलेली थर्मल पेस्ट पुसून नवी लावताना तुरीच्या दाण्याएवढी पुरते.

नवा मनोरा घेण्याआधी बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये, जाऊन व्होल्टेज थोडं थोडं उतरवून पाहा. कॉम्प्युटर अडखळला की एक पायरी मागे या. याला पैसा लागत नाही. मार्च लागला की वेग मूळ आकड्यावर आणा आणि दिवाळीनंतर पुन्हा चढवा.