राष्ट्रध्वजाचे रंग आणि आपण

ऑगस्ट उजाडला की आमच्या मेहरूणच्या शाळांतून एकच गडबड उडते. कवायत, गाणी, पताका, भाषणे. काही वर्षांपूर्वी अशाच दिवसांत चित्रकलेच्या तासाला मी सातवीच्या वर्गास एक वेगळा विषय दिला. म्हटले, "आपला देश आजच स्वतंत्र झाला असे समजा आणि त्याच्यासाठी आपल्या मनाने एक झेंडा काढा." मुलांनी मोठ्या उत्साहाने कागद रंगवले. कोणी केळीचे पान काढले, कोणी कापसाचे बोंड, तर कोणी आमचा मेहरूणचा तलाव. एका मुलाने मात्र तिरंगाच काढला होता. फक्त त्यातील हिरवा पट्टा इतर दोहोंपेक्षा बोटभर रुंद होता.

"हे असे का रे?" मी विचारले.

"सर, हिरवा आपला आहे ना, म्हणून."

शेजारचा मुलगा लगेच म्हणाला, "केशरी त्यांचा, आणि पांढरा बाकीच्यांचा. सगळेच असं सांगतात, सर."

मी त्या मुलांवर रागावलो नाही. रागावण्याचे कारणही नव्हते. त्यांनी दिलेले उत्तर एकेकाळी बरोबर होते. मात्र ते १९३१ साली रद्द झाले, आणि ही गोष्ट आपण मोठ्यांनी त्यांना कधी सांगितलीच नाही. आज या स्मरणिकेच्या निमित्ताने ती हकीकत आपणापुढे मांडावी असे वाटते.

आपल्या देशाचा ध्वज एका दिवसात तयार झाला नाही. तो होण्यापूर्वी अनेक पर्यायी ध्वज पुढे आले आणि मागे पडले. त्यांपैकी एक आजही आपल्या महाराष्ट्रात, पुण्याच्या केसरीवाड्यात जपून ठेवलेला आहे. २२ ऑगस्ट १९०७ रोजी जर्मनीतील स्टुटगार्ट शहरी भरलेल्या आंतरराष्ट्रीय समाजवादी परिषदेत मादाम भिकाजी कामा या मुंबईच्या पारशी बाईंनी तो फडकवला. वर हिरवा, मध्ये केशरी आणि खाली तांबडा असे त्याचे तीन पट्टे. हिरव्यावर आठ कमळे, मधल्या पट्ट्यावर देवनागरीत 'वंदे मातरम्', खालच्या पट्ट्यावर सूर्य आणि चंद्रकोर. पुढे १९१७ साली लोकमान्य टिळक आणि डॉ. ॲनी बेझंट यांच्या होमरूल चळवळीचा झेंडा आला. पाच तांबडे व चार हिरवे पट्टे, त्यांवर सप्तर्षींचे सात तारे, एका कोपऱ्यात चंद्रकोर व तारा, आणि दुसऱ्या कोपऱ्यात चक्क ब्रिटिशांचा युनियन जॅक! साम्राज्यात राहून स्वराज्य ही त्या वेळची मागणी होती, म्हणून ते निशाण तेथे आले. लोकांच्या मनात हा झेंडा फार काळ रुजला नाही.

या दोन्ही झेंड्यांकडे नीट पाहिले तर एक गोष्ट ध्यानात येते. ध्वज तयार करणाऱ्यांपुढे प्रश्न होता तो असा की, या देशात अनेक धर्मांचे लोक राहतात, तर प्रत्येकाची खूण कापडावर कशी आणावी? हेतू चांगला होता. कोणालाही वगळायचे नाही, हाच तो हेतू.

१९२१ साली याच विचाराला स्पष्ट रूप आले. बेझवाडा येथे अखिल भारतीय काँग्रेस समितीची बैठक भरली असता आंध्रातील पिंगली वेंकय्या यांनी गांधीजींना एक झेंडा करून दाखवला. त्यात दोन रंग होते. हिंदूंचा तांबडा आणि मुसलमानांचा हिरवा. चरख्याची कल्पना जालंदरचे लाला हंसराज यांची. गांधीजींनी इतर सर्व धर्मीयांसाठी पांढरा पट्टा जोडण्यास सांगितले. पट्ट्यांचा क्रमही विचारपूर्वक ठरला. सर्वांत वर पांढरा, मध्ये हिरवा, खाली तांबडा. संख्येने जे सर्वांत थोडे त्यांना पहिले स्थान, आणि जे सर्वांत जास्त त्यांनी खाली उभे राहून बाकीच्यांचे रक्षण करावे, असा अर्थ गांधीजींनी सांगितला होता. वाचकहो, या कल्पनेतील मनाचा मोठेपणा कोण नाकारील? काँग्रेसने त्या वेळी रीतसर ठराव केला नाही, तरी हा झेंडा देशभर पसरला. १९२३ साली नागपूरला झेंडा सत्याग्रह झाला आणि शेकडो स्वयंसेवक या झेंड्यासाठी तुरुंगात गेले.

परंतु वाटणी एकदा सुरू झाली की ती थांबत नाही. तांबडा हिंदूंचा, हिरवा मुसलमानांचा, तर आमचा कोणता, असे शीख पुढाऱ्यांनी विचारले, आणि आपल्या रंगाचाही ध्वजात समावेश करावा अशी मागणी केली. त्यांचे म्हणणे चुकीचे म्हणता येईल काय? 'बाकीचे' या एका शब्दात आपली गणना व्हावी हे कोणाला रुचेल? मग ख्रिस्ती, पारशी, जैन, ज्यू, आदिवासी यांनीही तेच विचारले असते. घरात भावाभावांनी ओसरी वाटून घेतली की पुढे उंबरठ्यावरूनही भांडण होते, हा आपला नेहमीचा अनुभव आहे.

हा पेच सोडवण्यासाठी काँग्रेस कार्यकारिणीने एप्रिल १९३१ मध्ये सात जणांची ध्वज समिती नेमली. वल्लभभाई पटेल, जवाहरलाल नेहरू, मौलाना अबुल कलाम आझाद, मास्टर तारासिंग, डॉ. पट्टाभी सीतारामय्या, साताऱ्यात जन्मलेले काका कालेलकर आणि हिंदुस्थानी सेवा दलाचे डॉ. ना. सु. हर्डीकर हे ते सात जण. नावे पाहा, मौलाना आझाद आणि मास्टर तारासिंग एकाच समितीत होते. समितीने पर्यायी ध्वज सुचवला तो असा: संपूर्ण ध्वज एकाच केशरी रंगाचा, आणि त्यावर वरच्या कोपऱ्यात तांबूस तपकिरी रंगाचा चरखा. पट्टेच नकोत, म्हणजे वाटणीही नको, असा हा विचार होता.

ही सूचना ऑगस्ट १९३१ मध्ये मुंबईस भरलेल्या अखिल भारतीय काँग्रेस समितीने स्वीकारली नाही. तिने तीन रंग कायम ठेवले. मात्र तांबड्याच्या जागी केशरी आणला, क्रम केशरी, पांढरा, हिरवा असा केला आणि चरखा मधल्या पट्ट्यावर घेतला. याहून महत्त्वाचे म्हणजे ठरावात स्वच्छ शब्दांत नमूद केले की, या रंगांना कोणताही जातीय अर्थ राहणार नाही. केशरी म्हणजे धैर्य व त्याग, पांढरा म्हणजे सत्य व शांती, हिरवा म्हणजे श्रद्धा व शौर्य, आणि चरखा म्हणजे सामान्य जनतेची आशा.

येथे क्षणभर थांबून विचार करावा. प्रश्न एकच होता, पण उत्तरे दोन आली. समिती म्हणाली, पट्टे काढून टाका. काँग्रेस म्हणाली, पट्टे राहू द्या, पण त्यांवरील मालकी काढून टाका. दुसरे उत्तर अधिक अवघड होते. कारण कापड रंगवणे सोपे, मनातला अर्थ बदलणे कठीण. माझ्या वर्गातील त्या दोन मुलांनी ते किती कठीण आहे हे इतक्या वर्षांनंतरही दाखवून दिले.

इतर देशांनी हा प्रश्न वेगळ्या रीतीने सोडवला आहे. आयर्लंडच्या ध्वजात हिरवा रंग कॅथलिकांचा, नारिंगी प्रॉटेस्टंटांचा आणि मधला पांढरा दोघांतील सलोख्याचा मानतात. शेजारच्या पाकिस्तानने ऑगस्ट १९४७ मध्ये जो ध्वज स्वीकारला, त्यात हिरवा भाग बहुसंख्य मुसलमानांचा आणि कडेचा पांढरा पट्टा अल्पसंख्याकांचा आहे. असे ध्वज त्या त्या लोकांना प्रिय असतील. पण ज्याच्या वाट्याला एक पट्टी येते, त्याच्या वाट्याला उरलेला ध्वज येत नाही, हेही तितकेच खरे आहे.

१९३१ चा हा नवा अर्थ आपल्या खानदेशापर्यंत पोचला काय? पोचला, आणि चांगलाच पोचला. डिसेंबर १९३६ मध्ये तापीपलीकडच्या फैजपूर येथे काँग्रेसचे अधिवेशन भरले. खेड्यात भरलेले हे पहिलेच अधिवेशन. अध्यक्ष पंडित नेहरू होते. ध्वजारोहणाच्या वेळी सुमारे ऐंशी फूट उंच खांबावर झेंडा मध्येच अडकला. तेव्हा शिरपूरकडील किसनसिंग राजपूत नावाचा तरुण त्या खांबावर सरसर चढला आणि त्याने तो मोकळा केला. पुढे ९ सप्टेंबर १९४२ रोजी नंदुरबारला विद्यार्थ्यांच्या मिरवणुकीवर गोळीबार झाला. शिरीषकुमार मेहता हा जेमतेम पंधरा वर्षांचा मुलगा हातातील तिरंग्यासह पडला. त्याच्यासोबत लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर आणि घनश्यामदास शहा हेही हुतात्मे झाले. झेंडा हाती धरताना त्यांतील कोणी आपला पट्टा कोणता हे शोधले असेल काय? त्यांनी उचलला तो सबंध झेंडा.

२२ जुलै १९४७ रोजी घटना समितीने आजचा राष्ट्रध्वज स्वीकारला. चरख्याच्या जागी सारनाथच्या अशोकस्तंभावरील चक्र आले. ज्या ध्वज समितीने ही शिफारस केली तिचे अध्यक्ष डॉ. राजेंद्रप्रसाद होते, मौलाना आझाद आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिचे सभासद होते. त्या दिवशीही पर्याय पुढे आलाच. ह. वि. कामत यांनी चक्राच्या आत स्वस्तिक असावे अशी दुरुस्ती मांडली व नंतर स्वतःच मागे घेतली. ठरावाला पाठिंबा देणाऱ्यांत आसामचे सय्यद मुहम्मद सादुल्ला होते. त्यांनी रंगांचा लावलेला अर्थ आम्हा खानदेशी माणसांना चटकन पटावा असा आहे. केशरी म्हणजे उन्हाने तापलेली, करपलेली आपली भूमी. पांढरा म्हणजे पर्वतावरील बर्फ, ज्याचे पाणी नद्यांतून खाली येते. आणि हिरवा म्हणजे त्या पाण्यावर डोलणारे शेत. मे महिन्यात जळगावचे ऊन ज्याने सोसले आहे आणि श्रावणात कपाशीचे हिरवे रान पाहिले आहे, त्याला हा अर्थ निराळा समजावून सांगावा लागत नाही. केशरी रंग साधूंचा तसाच पीर-फकिरांचाही आहे, असेही सादुल्लासाहेबांनी त्या सभागृहात सांगितले.

म्हणजे पाहा, हिरव्या रंगाविषयी अभिमान बाळगणे यात काही गैर नाही. पण तो रंग आमच्या शेजारच्या लेवा पाटील शेतकऱ्याच्या केळीच्या बागेचाही आहे. आणि केशरी रंगातला त्याग आमचा नाही असे कोण म्हणेल? करबल्याची कथा ऐकत वाढलेल्या मुलाला त्याग म्हणजे काय हे नव्याने शिकवावे लागते काय? जो मुलगा 'हिरवा आपला' म्हणतो, तो नकळत दोन पट्टे आणि चक्र सोडून देतो. तीन हिश्शांतला एक घेऊन समाधान मानणे हा तोट्याचा सौदा आहे. उद्या कोणी त्याला म्हणाले, 'तुझा तेवढा पट्टा, बाकीच्यावर तुझा हक्क नाही', तर तो काय उत्तर देईल?

त्या दिवशी मी त्या मुलाला एवढेच सांगितले, "बेटा, पट्टा रुंद करू नकोस. तिन्ही सारखे काढ, कारण तिन्ही तुझेच आहेत." त्याने खोडरबर घेतले आणि चित्र पुन्हा काढले. शेजाऱ्याच्या डबीतला केशरी खडू त्याने मागून घेतला, कारण त्याचा स्वतःचा संपला होता.

पालकहो, गुरुजनहो, पंधरा ऑगस्टला मुले झेंड्याला सलामी देतील. त्याआधी घरी पाच मिनिटे बसून त्यांना १९३१ च्या त्या ठरावाची गोष्ट सांगा. आपल्या संस्थेतून शिकून बाहेर पडणारा प्रत्येक मुलगा आणि मुलगी हा सबंध ध्वज आपला मानून पुढे जावो, हीच या लेखामागची इच्छा आहे.