आकाशातल्या धुळीची उलटतपासणी

उन्हाळ्यात लातूरच्या माळावरून पाहिले तर दुपारचे आकाश निळे नव्हे, पांढुरके दिसते. हवेतले धुळीचे व धुराचे बारीक कण सूर्यप्रकाश विखुरतात, त्याचा हा परिणाम. उपग्रहालाही हे कण दिसतात. पण ‘दिसतात’ हा शब्द आपण जपून वापरावा. उपग्रह मोजतो तो खालून परत आलेला सगळा प्रकाश. त्यातून जमिनीचा वाटा वजा करून कणांचे प्रमाण काढायचे असते. मराठवाड्याची जमीन वैशाखात उघडी आणि श्रावणात हिरवी. हा वाटा चुकला की हवेचा आकडाही चुकतो. शिवाय तो आकडा जमिनीपासून वरपर्यंतच्या साऱ्या हवेचा एकत्रित असतो. कण किती उंचीवर आहेत, हे त्यात नसते.

त्यासाठी विमान लागते. १९९९च्या ‘इंडोएक्स’ मोहिमेत मालदीवहून उडालेल्या विमानांना हिंदी महासागरावर सुमारे तीन किलोमीटर उंचीपर्यंत धुरकट थर आढळला. त्याच वर्षी डिसेंबरात ‘टेरा’ उपग्रह सुटला आणि रोजचे आकडे येऊ लागले. आपल्याकडे बारामतीच्या आकाशात १९७०च्या दशकातच विमानातून ढगांवर मीठ फवारण्याचे प्रयोग करणाऱ्या पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने २००९ मध्ये ‘काइपीक्स’ मोहीम सुरू केली. २०१८ व २०१९च्या पावसाळ्यात ती लातूरच्या शेजारी, सोलापूर परिसरात होती.

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागलेल्या लातूरला या मोजणीचे मोल वेगळे सांगायला नको. हवेत कण फार झाले की तीच वाफ अनेकांत वाटली जाते, थेंब लहान राहतात आणि पाऊस लांबतो. ढगात काही फवारायचे की नाही, हे ठरवण्याआधी तिथे मुळात काय आहे ते कळायला हवे.

पडताळणीची रीत सोपी वाटते. उपग्रह माथ्यावर येण्याच्या सुमारास (‘टेरा’ अनेक वर्षे सकाळी साडेदहाच्या आसपास येत असे) विमानाने गिरक्या घेत वर चढायचे, लेसरच्या उजेडात कण मोजायचे आणि थरांची बेरीज उपग्रहाच्या आकड्याशी ताडायची. मात्र विमानाला सापडते हवेतली एक रेघ. उपग्रहाचा नेहमीचा चौकोन दहा किलोमीटरचा. आणि आम्हा मोजणाऱ्यांना खरा घोर असतो तो दमट हवेचा. पावसाळ्यात कण ओलाव्याने फुगतात, उपग्रह ते फुगलेलेच पाहतो. विमानातल्या उपकरणात शिरताना मात्र ते तापून सुकतात. दोन्ही आकडे बरोबर असूनही जुळत नाहीत. म्हणून त्या उंचीवरची आर्द्रता त्याच उड्डाणात मोजून कणांचा आकार आधी दुरुस्त करावा लागतो, मगच तुलना.