दही: बटण नवं, विरजण जुनं
हल्ली मल्टिकुकरवर 'योगर्ट' असं बटण असतं. मी इंजिनीअर, म्हणून आधी पाहिलं की ते करतं काय. तर दूध आठेक तास साधारण 42 अंशांवर ठेवतं, बस्स! आजी पातेलं गोधडीत गुंडाळून हेच करायची.

दही लावतात ते जिवाणू. 1905 साली जिनिव्हात शिकणाऱ्या स्तामेन ग्रिगोरोव्ह या बल्गेरियन तरुणाने मायदेशच्या दह्यात ते शोधले. तोही माझ्यासारखा विशीतलाच. पण त्याआधी हजारो वर्षं लोकांनी ते न बघताच जपले होते, रोज चमचाभर विरजण मागे ठेवून.

कुकर बिघडला तर नवा ऑर्डर करू. विरजण संपलं की मात्र वाटी घेऊन शेजारी जावं लागतं. तेव्हा शेवटचा चमचा राखून ठेवा!