मुरमाच्या वाटेने मावळात

मुरूम म्हणजे काय हे तुम्हांला कोणी सांगायला नको. सह्याद्रीचा काळा दगड उन्हापावसाने कुजतो, त्याचा तांबूस ठिसूळ चुरा होतो, आणि गावोगावचे रस्ते पिढ्यान्‌पिढ्या त्याच चुऱ्यावर उभे असतात. वर डांबर पडले की ‘आमचा रस्ता झाला’ असे आपण म्हणतो; जणू त्याआधी तो नव्हताच! आता गंमत पाहा, याच मुरमासाठी म्हणून अलीकडे एक सायकल निघाली आहे. तिला ग्रॅव्हेल बाइक म्हणतात. हँडल शर्यतीच्या सायकलीसारखे खाली वळलेले, टायर मात्र जाड, चाळीस मिलिमीटरच्या आसपास, आणि चढासाठी गिअर अगदी हलके. परदेशात ही सायकल घेऊन लोक खडीमातीच्या आडरस्त्यांनी दिवसचे दिवस हिंडतात. आपल्याकडेही पुण्यामुंबईची मंडळी ती घेऊन मावळात उतरू लागली आहेत.

माझा विषय इतिहासाचा आहे. पण मावळातला रस्ता किती जुना आहे हे सांगायचे तर मोटारीत बसून भागत नाही. म्हणून या सायकलीला बरोबर घेऊ.

मोटारीने कार्ल्याला गेलेला माणूस काय पाहतो? गाडी उभी करतो, पायऱ्या चढतो, एकवीरेला नारळ फोडतो, शेजारचे लेणे पाहतो आणि परत फिरतो. भाज्याला गेला तर पुन्हा तेच. बेडशाला सहसा जातच नाही. मग त्याची समजूत होते, की जगाला कंटाळलेल्या भिक्षूंनी एकांतासाठी रानात ही लेणी खोदली. अहो, भिक्षू तो! भिक्षेवर जगणारा माणूस वस्तीपासून आणि रहदारीपासून दूर राहील कसा? ही तिन्ही लेणी रस्त्याच्या काठी आहेत. तो रस्ता कोकणातल्या बंदरांकडून घाट चढून देशावर येत होता. तो समजायला त्याच्यावरून बैलाच्या नाही तर सायकलीच्या गतीने गेले पाहिजे.

कामशेतला आगगाडीतून उतरा आणि दक्षिणेकडे, पवनेच्या अंगाला निघा. मुख्य रस्ता डांबरी आहे, पण भातखाचरांच्या बांधाला लागून गाडीवाटा आणि पाणंदी आहेत. शक्य तेवढे त्यांवरून चला. बेडशाला सायकल पायथ्याच्या घरात ठेवावी, नाही कोणी म्हणत नाही. वर गेल्यावर आधी लेणे दिसतच नाही. समोर कातळाचा एक भाग तसाच ठेवलेला आहे आणि त्यातल्या अरुंद बोळातून आत शिरावे लागते. शिरलात की एकदम उंच खांब, आणि त्यांच्या माथ्यावर हत्तीघोड्यांवर बसलेली स्त्रीपुरुषांची जोडपी. इतकी रसरशीत माणसे, दोन हजार वर्षांमागची! तिथल्या एका कोरीव ओळीत दात्याचे नाव आहे: नाशिकच्या आनंद श्रेष्ठीचा मुलगा पुष्यणक. नाशिकचा व्यापारी बेडशाच्या डोंगरात दान देतो, याचा अर्थ त्याची इकडे ये-जा होती, किंवा निदान त्याच्या मालाची तरी होती.

पुढे पवनेचे खोरे. इथे १९७० च्या दशकात धरण पुरे झाले. जुनी गावे आणि त्यांना जोडणाऱ्या वाटा पाण्याखाली गेल्या, आणि आताचा रस्ता जलाशयाच्या कडेकडेने वळत जातो. एका अंगाला तिकोना, पलीकडे तुंग, पुढ्यात लोहगड आणि त्याला खेटून विसापूर. सायकलस्वाराला हे चारही किल्ले एका दिवसात दिसतात. एकेक करून पाहिले तर चार निराळे डोंगर वाटतात, रस्त्यावरून पाहिले तर एकाच दाराचे चार पहारेकरी वाटतात. १६६५ साली पुरंदरच्या तहात महाराजांना तेवीस किल्ले द्यावे लागले, त्यांत हे चारही होते. जयसिंगाला कोकणातून वर येण्याच्या वाटा हव्या होत्या, हे ती यादी घेऊन इथे उभे राहिले की लगेच पटते. लोहगड १६७० साली परत आला.

मग दुधिवरे खिंडीकडचा चढ लागतो. इथे सायकल तुम्हांला एक गोष्ट शिकवील. सुट्या मुरमावर चढ एका मर्यादेपलीकडे गेला की मागचे चाक जागच्या जागी फिरते, पकड सुटते. जुनी वाट नेमकी त्याच्या चार पावले आधी वळण घेते. पूर्वी माल बैलांच्या पाठीवरून जाई, लमाणांचे तांडे शेकडो बैल घेऊन घाट चढत. लादलेल्या बैलाला कुठे धाप लागते यावरून ती वाट ठरलेली आहे. कोणा इंजिनिअरने दुर्बीण लावून ती आखली नाही, आणि तरी तुमच्या गुडघ्यांना ती बिनचूक वाटते.

लोहगडवाडीच्या वर, लोहगड आणि विसापूर यांच्यामध्ये गायमुख खिंड आहे. खिंडीत थांबून दोन्हीकडे पाहा. विसापूर लोहगडाहून थोडा उंच आहे. ही साधी गोष्ट १८१८ च्या मार्च महिन्यात महागात पडली. इंग्रजांनी आधी विसापूर घेतला, आणि मग लोहगडावरच्या शिबंदीला तिथे टिकून राहण्यात अर्थ उरला नाही. २०२५ साली युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले, त्यांत लोहगड आहे. आनंदाची गोष्ट आहे. मात्र किल्ला ज्या वाटेसाठी बांधला, त्या वाटेचे नाव कुठल्याच यादीत नाही.

आणि तिची स्थिती कशी आहे म्हणाल, तर तुकड्यातुकड्यांनी उरली आहे. गावकऱ्याला डांबर हवे, आणि त्याचे बरोबर आहे. दूध घालायचे, बाळंतिणीला न्यायचे, तर चिखलातून किती काळ जाणार? जुन्या वाटेवरच डांबर पडले तर माझी काही तक्रार नाही. होते असे, की यंत्र डोंगर सरळ कापते, नवा रस्ता निराळ्याच अंगाने निघतो आणि जुनी वाट बेवारस पडते. मग शहरातला कोणी तिथे जमीन घेतो, बंगला बांधतो, तारेचे कुंपण घालतो. गावनकाशावर पाणंद असते, जागेवर फाटक असते. फाटकाशी सायकल हातात धरून उभे राहण्याचा प्रसंग माझ्यावर एकदा नव्हे, बऱ्याचदा आला आहे. वस्तीतली म्हातारी माणसे तेवढी सांगतात, ‘‘वाट हितनंच हाय, बाबा, पर आता जाऊ देत न्हाईत.’’

खिंडीतून भाज्याकडे उतार आहे. ब्रेक सांभाळा, मुरमावर पुढचा ब्रेक एकदम दाबू नका. भाज्याची लेणी तिन्हींत जुनी, इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातली. चैत्यगृहाचे खांब आतल्या बाजूला कललेले आहेत. लाकडी घराला तसा कल द्यावा लागतो, दगडाला त्याची गरज नव्हती, पण कारागिराचा हात लाकडाला सरावलेला. छताला खऱ्या लाकडाच्या कमानी बसवलेल्या आहेत. जवळच चौदा स्तूपांचा समूह आहे, तिथे थोडा वेळ बसावे.

मळवलीला लोहमार्ग ओलांडला, जुना पुणे-मुंबई रस्ता ओलांडला, की कार्ले. इथे मात्र घाई करू नका. चैत्यगृह सुमारे १२४ फूट लांब आणि ४५ फूट रुंद, हे तुम्ही वाचले असेल. मी तुम्हांला खांबांवरची आणि दारांवरची अक्षरे दाखवणार आहे. ती ब्राह्मी लिपीत आहेत, वाचता आली नाहीत तरी बोट ठेवता येते. एक दार धेनुकाकटाच्या सिंहदत्त नावाच्या अत्तरविक्याने दिले. दुसरे त्याच गावच्या सामी नावाच्या सुताराने केले. बरेच खांब यवनांनी, म्हणजे स्वतःला यवन म्हणवणाऱ्या लोकांनी दिले. एक दाता सोपाऱ्याचा, म्हणजे आजच्या नालासोपाऱ्याचा भिक्षू आहे. आणि सगळ्या लेण्याची ख्याती जंबुद्वीपात सर्वोत्तम अशी सांगणारा भूतपाल श्रेष्ठी वैजयंतीचा, म्हणजे कर्नाटकातल्या बनवासीचा. अत्तरवाला, सुतार, सावकार, परदेशी, बंदरावरचा साधू! ही रानातल्या एकांताची पटसूची वाटते का तुम्हांला? मला तर ही धर्मशाळेच्या वहीसारखी वाटते.

याहून मोलाचा लेख एक राजाज्ञा आहे. आधी क्षत्रप नहपानाच्या जावयाने, उषवदाताने, इथल्या भिक्षूंच्या निर्वाहासाठी करजक नावाचे गाव दिले होते. पुढे सातवाहनांनी नहपानाचा पराभव केला, राज्य बदलले, आणि नव्या राजाने त्याच गावाचे दान पुन्हा चालू केले. हुकूम निघाला तो मामालच्या अमात्याच्या नावे. मामाल म्हणजे आपले मावळ! एकोणीसशे वर्षे हे नाव लोकांच्या तोंडात आहे. आणि गावाचा ठिकाणा कसा सांगितला आहे? मामाल आहारातले, उत्तरेकडच्या मार्गावरचे करजक. मार्गावरचे, बरं का! गाव ओळखायची खूण म्हणून राजाच्या कचेरीने रस्ता सांगितला. म्हणजे रस्ता तेव्हाच इतका मुरलेला होता की त्याच्यावरून पत्ता सांगावा.

त्यानंतरची हकीकत थोडक्यात आटपते. १८३० साली मुंबईचा गव्हर्नर माल्कम याने बोरघाटातून चाकाच्या गाड्यांचा रस्ता खुला केला, १८६३ साली घाटात आगगाडी आली, २००२ साली द्रुतगती मार्ग पुरा झाला. प्रत्येक वेळी रहदारी एका ठिकाणी गोळा होत गेली आणि आजूबाजूचे लहान घाट ओस पडले. त्यांतला एक कुरवंड्याचा, आणि आपला रस्ता तिथे संपतो.

लोणावळ्याहून कुरवंडे गाव जवळ आहे. गावापुढे नागफणीचा सुळका, आणि त्याच्या कुशीतून घाट खाली कोकणात पडतो. १६६१ च्या फेब्रुवारीत शायिस्ताखानाने पाठवलेला कारतलबखान इथून फौज घेऊन उतरला. बरोबर माहूरची रायबागन होती. खाली चावणीजवळ उंबरखिंडीत वाट इतकी निमुळती, की हजारोंची फौज असूनही लढता येतील ते पुढचे चारदोनच. महाराज तिथे वाट पाहत होते. पुढून कोंडले, बाजूंनी झाडीतून मारा झाला, पाण्यावाचून जीव कासावीस झाले. शेवटी रायबागनच्या सल्ल्याने खान शरण आला आणि सामानसुमान टाकून जाण्याची परवानगी घेऊन सुटला. कवींद्र परमानंदाने शिवभारतात हा प्रसंग सविस्तर वर्णिला आहे.

घाटाच्या तोंडाशी उभे राहून खाली पाहा. वाट दगडांची आहे आणि सरळ कोसळते. लादलेला बैल उतरेल, सायकल उतरणार नाही, खांद्यावर घेऊन उतरण्याचे धाडसही करू नका. ती लोणावळ्याला परत न्यावी. खिंड पाहायची असेल तर दुसऱ्या दिवशी खोपोलीच्या बाजूने चावणीला जावे. हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी, पावसात मुरूम चाकाला लगद्यासारखा बसतो. पाणी भरपूर घ्या, आणि वाटेत फाटक लागले तर आधी गावात विचारा.