राणीची बाग (वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान)

भायखळा, मुंबई येथील एकोणिसाव्या शतकातील वनस्पती उद्यान. १८६२ मध्ये ते लोकांसाठी खुले झाले आणि व्हिक्टोरिया राणीच्या नावाने ओळखले जाऊ लागले. त्याआधी शिवडीला असलेल्या अशाच बागेचे रूपांतर पुढे दफनभूमीत झाले. भायखळ्याची बाग मात्र टिकली.

युरोपातील रोमँटिक बागांमध्ये झाडीआड भग्नावशेष दिसावेत अशी हौस असे. काहींनी तर त्यासाठी नवे 'अवशेष' बांधून घेतले! राणीच्या बागेत तो खटाटोप करावा लागला नाही. ज्या दगडी हत्तीवरून पोर्तुगिजांनी घारापुरीला एलिफंटा म्हटले, तोच येथे उभा आहे. १८६४ मध्ये त्याला इंग्लंडला नेण्याचा घाट घातला गेला, पण उचलताना तो कोसळून फुटला. १९१४ मध्ये त्याचे तुकडे पुन्हा जोडण्यात आले.

शेजारचे संग्रहालय २ मे १८७२ रोजी खुले झाले. बाहेरून पॅलेडियन घाटाची ही इमारत आत बिडाचे नक्षीदार खांब मिरवते. १९७५ मध्ये तिला डॉ. भाऊ दाजी लाड यांचे नाव देण्यात आले. जीर्णोद्धारासाठी २००५ मध्ये युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कार मिळाला.

बहुतेक पाहुणे बागेतील प्राणिसंग्रहालयातले पेंग्विन पाहून परततात आणि गोरखचिंच, उर्वशी यांसारखी झाडे दुर्लक्षित राहतात. बागेची खरी श्रीमंती मात्र या झाडांतच आहे.